सही होती

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात पोचल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर कपाटातून प्रशिक्षणाची फाइल काढली. पोरगा दवाखान्यात होता. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर प्रेसखाली गेलं होतं. आणि मी फाइल चाळत होतो. पान सापडलं. विषय : पॉवर प्रेसवरील सुरक्षितता. वेळ : दुपारी ३.१५ ते ४.१५. सतराव्या ओळीत त्याची सही, वळणदार, शाळेत गिरवून घेतात तशी. जीव भांड्यात पडला. सही होती, म्हणजे मी शिकवलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते. त्या सकाळी वाटली नव्हती, हेही लिहून टाकायला हवं.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी प्रशिक्षणाचं काम बघत होतो. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या, सीटखालचे ब्रॅकेट, असला माल. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी फाइल मागितली, मी दिली, त्यांनी पान उलटून पाहिलं आणि तेवढ्यापुरतं समाधान झालं. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण मिळणं, तेही शक्यतो कारखान्यातच मिळणं, हा कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात आला. हक्क त्याचा. आमच्या कपाटात मात्र तो आमच्याच बचावाचा कागद होऊन बसला होता.

माझा वर्ग भरायचा कँटीनमध्ये. पहिली पाळी साडेसहाला लागायची, तीनला सुटायची. आठ तास उभी राहिलेली माणसं खुर्चीवर टेकायची, वर पंखा, खिडक्यांवर काळे पडदे, पोटात दुपारची खिचडी, आणि समोर माझ्या ६२ स्लाइड. झोप आली नसती तरच नवल. स्लाइड इंग्रजीत होत्या, कारण त्या ग्राहक कंपनीच्या तपासनिसाला दाखवायच्या असत. मी बोलायचो मराठीत, मध्येमध्ये हिंदीत, कारण निम्मी पोरं बिहार-ओडिशाची. सह्या मी आधीच घ्यायचो. नंतर घ्यायला गेलं तर माणसं बसच्या रांगेत उभी असत.

शेवटी विचारायचो, "समजलं का?"

"होऽऽ."

हा प्रश्नच नव्हे, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. संसार चालवणारा, गावी घर बांधणारा, भाऊबंदकीत चार शब्द ऐकवणारा माणूस चारचौघांत उठून 'नाही समजलं' म्हणेल कशाला? आणि तेही बस सुटायला पाच मिनिटं असताना?

चौथ्या दिवशी त्या पोराला भेटायला गेलो. आयटीआय झालेला, नांदेडकडचा, कंत्राटी. आमच्या प्रेसला दोन पुश बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एका वेळी दाबली तरच स्ट्रोक येतो. म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात बटणांवर, डायपासून लांब. त्या दिवशी उजवीकडचं बटण पुठ्ठ्याची घडी खुपसून आणि टेप मारून दाबून ठेवलेलं सापडलं होतं. एक हात बटणाला, एक हात ब्लँक सरकवायला मोकळा. पत्रा पिनेवर नीट बसला नाही, त्यानं बोटानं ढकलला, आणि त्याच क्षणी उजव्या हातानं सवयीनं डावं बटण दाबलं.

"पुठ्ठा घालायला कुणी सांगितलं?"

तो पडल्या पडल्या छताकडे बघत म्हणाला, "मामांनी दाखवलं. पण मामांना काही बोलू नका सर. माणूस चांगला आहे. त्यांच्यामुळंच मला काम आलं."

मग त्यानं मामांनी कसं शिकवलं ते सांगितलं. पहिल्या दिवशी मामांनी विचारलं, गावी काय करायचास, ट्रॅक्टर चालवलाय का? मग स्वतः दहा पीस काढून दाखवले, सावकाश. मग बोलत बोलत दहा. मग त्याला उभं केलं आणि मागं थांबले. पत्रा उलटा लागला तेव्हा मनगट धरून फिरवला. पुढचे वीस पीस त्याच्याकडून बोलून घेत काढायला लावले : आता काय करतोयस, आता काय करणार, का? मग म्हणाले, मी तिकडं चार नंबरला आहे, अडलं तर हाक मार. अर्ध्या तासानं स्वतःच येऊन गेले.

मी खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि आतून गार होत होतो. कारखान्यात प्रशिक्षण झालं होतं, उत्तम झालं होतं. फक्त ते माझ्या वर्गात झालं नव्हतं. ते चार नंबरच्या प्रेसपाशी, वीस-पंचवीस मिनिटांत झालं होतं, आणि त्यातच बटणात पुठ्ठा कसा घालायचा हा धडाही तितक्याच नेटकेपणानं दिला गेला होता. मामांनी चुकीची गोष्ट अचूक शिकवली. मी बरोबर गोष्ट अशी शिकवली, की ती कुणालाच आली नाही.

मामांना मेमो मिळाला. मला काहीच मिळालं नाही.

मामा खेड तालुक्यातले. तेव्हा पंचावन्नच्या आसपास, कारखान्यात २८ वर्षं. सगळे मामाच म्हणत, त्यामुळे हजेरीपटावरचं नाव मलाही फाइल बघून आठवायला लागे. मेमोवर सही करायला ते ऑफिसात आले तेव्हा मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. मी म्हटलं, "मामा, इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला माहीत नाही बटण का असतं ते?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, एक दिवस तुम्ही उभं राहा की प्रेसवर. मग विचारा."

त्यात राग नव्हता. निमंत्रण होतं, थोडं आव्हानही असेल.

पुढच्या सोमवारी पहिल्या पाळीला मी निळा शर्ट, सेफ्टी शूज आणि हातमोजे घालून चार नंबरवर उभा राहिलो. पुठ्ठा अर्थातच नव्हता. मामा शेजारी. सुरू करायच्या आधी त्यांनी पॅनलवर बोटांच्या सांध्यांनी दोनदा टकटक केलं, मग मुख्य स्विच फिरवला. मीही टकटक केलं. "हे कशाला?" विचारल्यावर ते हसले. जुन्या पॅनलमध्ये हिरवा दिवा सैल होता, टिकोरा मारला की लागायचा. पॅनल बदलून नऊ वर्षं झाली, हात ऐकत नाही.

पहिल्या तासात मला जे समजलं ते माझ्या ६२ स्लाइडमध्ये कुठंच नव्हतं. पत्र्याच्या कडेची बर हातमोज्यात अडकते आणि ब्लँक सोडताना हात क्षणभर मागं राहतो. मॅग्नेटच्या चिमट्यानं ब्लँक उचलता येतो, पण पिनेवर बसवताना तो चिकटून राहतो, म्हणून माणसं चिमटा बाजूला ठेवतात आणि बोटं वापरतात. आणि मागं कुणी बघत उभं राहिलं की येत असलेलंही येईनासं होतं. माझ्यासारख्या 'साहेबा'ला आठ-दहा पोरं कामाच्या आडून बघत होती. एकदा ब्लँक उलटा लागला तेव्हा कुणीतरी हसलं. कानापर्यंत गरम झालो. इतकी वर्षं मी लोकांना वर्गात उठवून 'सांगा बघू, पीपीई म्हणजे काय?' असं विचारत होतो, त्यांना काय वाटत असेल ते त्या हसण्यानं सांगितलं.

मामा म्हणाले, "साहेब, डोळं डायवर नको. डोळं कडंला." म्हणजे पत्र्याच्या कडेकडे बघायचं, कड पिनेला टेकली की ती जराशी उचलते आणि खाली बसते, तेव्हाच हात काढायचे. हे त्यांना २८ वर्षं माहीत होतं, आणि कुठल्याही कागदावर नव्हतं.

साडेनऊच्या चहापर्यंत माझा उजवा खांदा भरून आला. बटणं बसवली होती डोक्याच्या उंचीला, आणि एकमेकांपासून लांब. एका पाळीत हजाराच्या वर स्ट्रोक. प्रत्येक स्ट्रोकला दोन्ही हात खांद्याच्या वर न्यायचे. अकरा वाजता मी स्वतः त्या उजव्या बटणाकडे बघत होतो आणि पुठ्ठ्याची घडी केवढी करावी लागेल असा विचार माझ्या मनात आला. शपथेवर सांगतो, आला.

"कळलं?" मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं.

मेंटेनन्सच्या माणसांनी आठवड्याभरात ब्रॅकेट कापून बटणं कमरेच्या जरा वर, अंगाजवळ आणली. वेल्डिंगचं काम प्रेसमागे अर्ध्या दिवसाचं. एक बटण कायमचं दाबून ठेवलं तर स्ट्रोकच येऊ नये असा रिले पुढच्या बजेटमध्ये बसला. पुठ्ठा घालायचं कारणच गेलं. इतकी वर्षं मी ज्याला 'कामगारांची बेपर्वाई' म्हणत होतो आणि ज्यावर उपाय म्हणून दर तीन महिन्यांनी वर्ग घेत होतो, तो प्रश्न शिकवण्याचा नव्हताच. नंतर मी एक सवय लावून घेतली. कुणी 'यांना ट्रेनिंग द्या' म्हणून सांगायला आलं की आधी त्या जागी जाऊन उभं राहायचं. निम्म्या वेळा ट्रेनिंगची गरजच निघायची नाही. कुठं दिवा नसायचा, कुठं पाना नसायचा, कुठं दोन साहेब दोन वेगळ्या गोष्टी सांगत असायचे. आमच्या खात्यातल्या लोकांना हे आवडत नाही, कारण मग वर्षाअखेर प्रशिक्षणाचे तास कमी भरतात.

त्याच सुमारास पुण्यात दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला गेलो. शिकवणारे गृहस्थ निवृत्त, सत्तरीचे, हातात विजेच्या वायरचा हातभर तुकडा, जुनी पिळाची दोन पदरी. पूर्वी छतावरून लोंबणाऱ्या दिव्यांच्या होल्डरमध्ये आतल्या बाजूला एक गाठ मारत, दिव्याचं वजन गाठीवर यावं, स्क्रूवर येऊ नये म्हणून. त्यांनी मला उठवलं. वायर स्वतःच्या हातात ठेवून नुसतं तोंडी सांगितलं : डावा पदर असा मागून, उजवा त्यावरून, मग फासातून. मला जमलं नाही. मग काही न बोलता त्यांनी गाठ मारून दाखवली. मला जमलं नाही. हॉल हसला. ते म्हणाले, "हे दोन्ही तुम्ही रोज करता ना?" मग माझ्या शेजारी आले. समोर नव्हे, शेजारी, म्हणजे त्यांचा डावा हात तोच माझा डावा. एकेक पदर, प्रत्येक ठिकाणी 'का' सांगत. मग माझ्याकडून. मग माझ्याकडून बोलत बोलत. ती गाठ मला आजही झोपेतून उठवून विचारली तरी येते, आणि तसा होल्डर मी तीस वर्षांत पाहिलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली कारखान्यांतली माणसं सैन्यात गेली आणि त्यांच्या जागी यंत्राचं तोंडही न पाहिलेली माणसं, पुष्कळशा बायका, कामावर आल्या. त्यांना झटपट हाताशी आणायला १९४० साली जी मोहीम सुरू झाली, तिचं नाव टीडब्ल्यूआय. ही गाठ त्या मोहिमेतली. १९४५ साली अमेरिकेत ती मोहीम गुंडाळली गेली, पण युद्धानंतर जपाननं उचलली, आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी १९५०च्या दशकात अंगी मुरवली. सगळी पद्धत खिशात मावेल एवढ्या कार्डावर छापलेली असे. माणसाला सैल करा, त्याला आधीच काय येतं ते विचारा. सांगा आणि दाखवा, एका वेळी एकच. करून घ्या आणि त्याच्या तोंडून वदवून घ्या. मग एकटं सोडा, पण अडलं तर कुणाला हाक मारायची ते सांगून ठेवा.

मी ते कार्ड हातात घेतलं आणि दवाखान्यातल्या पोराचे शब्द आठवले. मी तिकडं चार नंबरला आहे, हाक मार. खेड तालुक्यातल्या सातवी पास माणसाला हे कार्ड कुणी दिलं होतं?

परतल्यावर मी जे केलं त्यात उत्साह जास्त होता, शहाणपण कमी. मामांना 'अंतर्गत प्रशिक्षक' केलं. छातीला बिल्ला, हातात मार्कर, आणि कँटीनमध्ये पांढऱ्या फळ्यासमोर उभं केलं. मामा घाबरलेले. मग हळूहळू त्यांना रंग चढला आणि ते चक्क माझ्यासारखं बोलायला लागले. "सेफ्टी ही आपली प्रायॉरिटी आहे. क्वालिटी इज मस्ट." फळ्यावर प्रेसचं चित्र काढलं, त्यात बटणं तीन. मागच्या रांगेत घोरणं सुरू झालं तेव्हा मला खात्री पटली, की दोष माझ्यात होता तितकाच त्या फळ्यात होता. माणूस कितीही चांगला असो, त्याला मंचावर चढवलं की तो भाषण करतो.

दुसऱ्या दिवशी मामांना परत चार नंबरवर पाठवलं. पोरंच तिकडं जाऊ लागली, एका वेळी दोन.

पण मग दुसरीच अडचण. पंधरवड्यानं मामा म्हणाले, "साहेब, मला नाही जमायचं हे." खोदून विचारल्यावर कळलं, शिकवताना पीस कमी निघतात आणि इन्सेन्टिव्ह कापला जातो. पहिल्या महिन्यात त्यांचे साडेपाचशे रुपये गेले होते. पोरांना शिकवण्याचा दंड म्हणायचा तो. शिकवण्याचा तास उत्पादनाचा तास धरावा, ही एवढीशी गोष्ट मंजूर व्हायला चार महिने लागले. किती मीटिंगा झाल्या त्याचा हिशेब नाही. प्रशिक्षणाच्या बजेटमध्ये त्या वर्षी बाहेरच्या एका सल्लागाराला बोलवायला पैसे होते, मामांच्या साडेपाचशेला 'हेड' नव्हतं.

त्या सल्लागारांबद्दल सांगायलाच हवं. वर्ग जिवंत करायचा, लोकांना सहभागी करायचं, म्हणून ते आले. त्यांनी फुगे फुगवायला लावले, डोळे बांधून एकमेकांना खुर्च्यांमधून चालवलं, कागदाचे मनोरे उभारायला लावले. पोरांनी धमाल केली. पन्नाशीची माणसं भिंतीला टेकून उभी होती, लग्नात नाचायला ओढतील या भीतीनं उभी असतात तशी. शेवटी हसऱ्या चेहऱ्यांचे फॉर्म भरून घेतले. ९० टक्क्यांनी हसरा चेहरा निवडला. किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : आवडलं का, आलं का, कामात उतरलं का, आणि त्यानं काही फरक पडला का. आमच्याकडे सगळे पहिल्याच पायरीवर बसून चहा घेत. दुसऱ्या दिवशी मी एका पोराला विचारलं, काल काय शिकलास? तो म्हणाला, "फुगा फुटला सर." मला त्या खेळांचा तिटकारा आहे असं नाही. पण हात हलले म्हणजे शिकणं झालं, असं धरून चालणारा माणूस आणि सही झाली म्हणजे शिकणं झालं असं धरून चालणारा मी, आमच्यात फार फरक नव्हता.

लेखी परीक्षा मी बंद केली, त्याची गोष्ट वेगळी. शिअरिंग मशीनवरचे एक काका, कामात अत्यंत चोख. परीक्षेच्या दिवशी दर वेळी चष्मा विसरलेला असायचा. तीन वेळा विसरल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की यांना चष्मा लागतच नाही. शेजारचा पोरगा त्यांचा पेपर भरून द्यायचा. माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक. ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली तिथूनच सुरू झाली. प्रौढांना काही महिन्यांत लिहा-वाचायला शिकवायची. वडील सांगायचे, म्हातारे बाप्ये रात्री देवळात यायचे ते घोंगडीच्या आत पाटी लपवून, आणि आपला मुलगा त्याच वर्गात असेल तर दारातूनच परत फिरायचे. काकांचा चष्मा म्हणजे ती घोंगडीच. मी परीक्षा मशीनवर घ्यायला लागलो. मी मुद्दाम चुकीचं सेटिंग करून ठेवायचो आणि विचारायचो, "काका, काय झालंय बघा बरं." त्यांनी पात्यांमधली फट बोट न लावता, नुसती पत्र्याची कापलेली कड निरखून सांगितली. त्या वेळी सात पोरं भोवती होती. काकांनी पुढं आपणहून सांगितलं, "मला वाचता येत नाही, तेवढं तक्त्यावर चित्र काढा."

आगीच्या प्रशिक्षणात मात्र मी पुन्हा तोंडघशी पडलो, तेही कँटीनच्या मावशीपुढे. दर वर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन. शपथ, बिल्ले, घोषवाक्य स्पर्धा, आणि मैदानात डबड्यात डिझेल पेटवून एक अधिकारी ते विझवणार, बाकीचे टाळ्या वाजवणार. त्या वर्षी ठरवलं, प्रत्येकानं स्वतः चालवायचं. मुदत संपत आलेले सहा किलोचे पावडरचे सिलिंडर आमच्याकडे बरेच होते. तेव्हा दिसलं, की दहातले सहा जण पिन न काढताच दांडा दाबत बसतात, कारण फोटोत पिन कधी अडथळा वाटत नाही. सिलिंडर हातात घेतल्यावर 'एवढं जड?' म्हणतात. पावडर सुटताना जो आवाज होतो त्यानं दचकून नळी ज्वाळांच्या शेंड्याकडे जाते, बुडाकडे नाही, आणि पंधरा-वीस सेकंदांत सिलिंडर रिकामा. एकदा चुकल्यावर दुसऱ्यांदा कुणी चुकलं नाही.

मावशीनं पहिल्याच फटक्यात आग विझवली. मी कौतुक करायला गेलो तर म्हणाली, "ते खरं साहेब, पण आमच्या शेगडीचा गॅस बाहेरून बंद करायचा कॉक त्या जाळीच्या मागं आहे आणि जाळीला कुलूप. किल्ली सिक्युरिटीकडं. रात्री पेटलं तर मी आधी किल्ली आणायला गेटवर पळू का?"

आम्ही तिघं अधिकारी तिथं उभे होतो. तो कॉक आमच्या आराखड्यावर होता, लाल गोलानं दाखवलेला. कुलूप नव्हतं दाखवलेलं. त्या दुपारीच ते निघालं. त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षणाच्या आधी 'काय सांगायचं' याची यादी करण्याऐवजी मी 'यांना काय विचारायचं' याची यादी करायला लागलो. ती कमी लांबीची असते आणि करायला जास्त वेळ लागतो.

पुढं कँटीनचा वर्ग बंद झाला. पाळी लागताना, मशीनपाशी, सात मिनिटं, उभ्या उभ्या, एकच गोष्ट, आणि ती सांगणार कालच्या दिवशी ज्याच्याकडून ती चुकली तो. पहिले दोन महिने पोरं लाजायची. ओडिशाचा एक मुलगा मोडक्या मराठीत म्हणाला, "काल मी हातमोजा फाटका घातला. बर लागली. आज नवा मागितला. स्टोअर नाय म्हणाला." स्टोअरवाला तिथंच होता. असल्या सात मिनिटांतून जे निघालं ते माझ्या तासाभराच्या वर्गातून कधी निघालं नव्हतं. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. महिन्याअखेर माल पाठवायची घाई असली की पहिला बळी त्या सात मिनिटांचा जायचा, आणि मी भांडायचो, कधी जिंकायचो. बोट गेलेला पोरगा अडीच महिन्यांनी परत आला, स्टोअरमध्ये बदली मागितली, वर्षभरानं गावी गेला. त्याला मी एकदाही मशीनपाशी उभं राहून पोरांशी बोल असं म्हणू शकलो नाही. म्हणायला हवं होतं की नको, ते अजून ठरलेलं नाही.

मामा निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. माझी निवृत्ती आली त्या शेवटच्या आठवड्यात मी एक सकाळ उगीच प्रेस शॉपमध्ये फिरत होतो. चार नंबरचा प्रेस जाऊन तिथं नवा आला होता. समोर प्रकाशाचा पडदा, हात आत गेला की रॅम जागच्या जागी थांबतो. तो ओडिशाचा मुलगा, आता मिशीला थोडं पांढरं लागलेला, लातूरच्या एका नव्या पोराला शिकवत होता. शेजारी उभा, समोर नाही. "डोळा डायवर नको," तो म्हणाला, "डोळा कडेला." मामांचाच सूर, फक्त 'डोळं'चा डोळा झालेला.

पोरानं मान डोलावली आणि स्विचकडे हात नेला.

"थांब," तो म्हणाला. "आधी हे." आणि नव्या कोऱ्या पॅनलवर बोटांच्या सांध्यांनी दोनदा टकटक केलं.

"कशाला?" पोरानं विचारलं.

तो थोडा अडखळला. मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात चहाची घंटा झाली, आणि पोरानं घाईघाईनं दोनदा टकटक करून टाकलं.